इंडेक्स टूवरचा 'बाजारभाव' आणि बाजारातला भाव

माझी धाकटी बहीण वर्षभर पुण्यात रीसेलचा टू बीएचके शोधत होती. एका संध्याकाळी तिने व्हॉट्सॲपवर एका इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्याचा, फोटो पाठवला. तिला आवडलेल्या सोसायटीतच आदल्या वर्षी विकल्या गेलेल्या, तेवढ्याच आकाराच्या फ्लॅटचा. पाठोपाठ फोन. "दादा, बाजारभाव बघ, साठ लाख. आणि हा माणूस अठ्ठ्याहत्तर मागतोय. लुबाडतोय सरळ." मी फोटो मोठा करून पाहिला. तिने तिसरा रकाना वाचला होता. त्याच्या आधीच्या रकान्यात, 'मोबदला' या शब्दापुढे, ७१ लाख लिहिले होते.

यात तिची चूक नाही. 'बाजारभाव' हा शब्द छापलेला दिसला की कुणालाही वाटेल, हाच बाजारातला भाव. पण इंडेक्स टूवरच्या बाजारभावाचा अर्थ वेगळा आहे. ती सरकारी तक्त्यावरून काढलेली किंमत असते, आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्या तक्त्यावरून. त्याचं कागदोपत्री नाव वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता. पुण्यातल्या नोंदणी महानिरीक्षक कार्यालयातून तो निघतो आणि त्याचं मूळ काम एकच: मुद्रांक शुल्क किती घ्यायचं हे ठरवणं. लोक करार कमी रकमेचा दाखवून शुल्क वाचवतात, म्हणून सरकारने प्रत्येक भागासाठी एक किमान पातळी आखून ठेवली. कराराची रक्कम आणि तक्त्यावरची किंमत, यातली जी जास्त तिच्यावर शुल्क. बाजारातला भाव म्हणजे मात्र घेणारा आणि देणारा ज्या आकड्यावर थांबले तो. तो मोबदल्याच्या रकान्यात असतो. निदान असायला हवा.

दोन्ही आकडे शेजारी ठेवताना आणखी एक घोळ होतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं इथेच अडखळतात. रेडी रेकनरचा दर चौरस मीटरला असतो आणि तो बांधीव क्षेत्रावर, म्हणजे भिंतींसकट मोजलेल्या जागेवर, लागतो. बाजारात आपण चौरस फुटात बोलतो, आणि आता बहुतेक ठिकाणी कार्पेटवर, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर.

समजा, नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर ६० चौरस मीटर रेरा कार्पेटचा (रेरा या घरखरेदीच्या कायद्याप्रमाणे मोजलेल्या कार्पेटचा) फ्लॅट आहे, म्हणजे साधारण ६४६ चौरस फूट. तक्त्यातला दर ९०,००० रुपये. त्याला १०.७६४ ने भागलं की चौरस फुटाला ८,३६१ येतात. मालक ७५ लाख मागतो, म्हणजे कार्पेटवर चौरस फुटाला ११,६१३. बघणाऱ्याला वाटतं, सरकारी भाव २८ टक्क्यांनी खाली आहे, मग घासाघीस करायला भरपूर जागा आहे. पण मूल्यांकन करताना रेरा कार्पेटला १.१ ने गुणून बांधीव क्षेत्र काढतात, ते झालं ६६ चौरस मीटर. लिफ्टच्या इमारतीत पाचव्या ते दहाव्या मजल्यासाठी ५ टक्के वाढ धरतात. झाले ६२ लाख ३७ हजार. हाच आकडा कार्पेटवर पसरला तर चौरस फुटाला ९,६५७ येतात. फरक २८ वरून १७ टक्क्यांच्या आत आला. इमारत जुनी असेल तर घसारा वजा होतो आणि हिशोब पुन्हा बदलतो. म्हणून तक्त्यातला दर उचलून एजंटच्या दराशेजारी ठेवू नका. आधी दोन्ही एकाच मापात आणा.

ज्या वर्षी दर वाढतात, त्या एप्रिलला 'रेडी रेकनर वाढला, घरं महागणार' अशी बातमी येते. १ एप्रिल २०२५ पासून मुंबईत सरासरी ३.३९, पुणे महापालिका हद्दीत ४.१६ आणि सोलापुरात १०.१७ टक्के वाढ झाली. म्हणून सोलापुरातले फ्लॅट मुंबईच्या तिप्पट वेगाने महागले असं कुणी म्हणणार नाही. त्याआधी २०२३ आणि २०२४ मध्ये दर आहेत तसेच ठेवले होते. त्या दोन वर्षांत बाजार काही थांबून राहिला नव्हता. तक्ता मागच्या व्यवहारांवरून बनतो आणि केव्हा किती वाढवायचा हा सरकारचा निर्णय असतो. तुमच्या कराराची रक्कम तक्त्याच्या वरच असेल, तर तक्ता थोडा वाढल्याने तुमचं मुद्रांक शुल्क रुपयानेही वाढत नाही. बिल्डरला मात्र झळ बसते, कारण वाढीव एफएसआयचं, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीचं, अधिमूल्य (प्रीमियम) रेडी रेकनरच्या जमिनीच्या दरावर ठरतं. तो खर्च पुढे नव्या घराच्या किमतीत उतरू शकतो.

बाजारातला भाव रेडी रेकनरच्या खाली असणंही शक्य आहे. एका मूल्यविभागात हमरस्त्यावरची इमारत येते आणि आतल्या अरुंद बोळातली, नाल्याला लागून असलेलीही. दर दोघींना एकच. वरच्या उदाहरणातला फ्लॅट ५५ लाखांना ठरला असं धरा. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के (बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी), पण ते ५५ लाखांवर नाही, ६२ लाख ३७ हजारांवर भरावं लागेल. शिवाय फरक १० टक्क्यांहून जास्त असल्याने वरचे ७ लाख ३७ हजार घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. म्हणजे स्वस्तात मिळालेल्या घरावर न मिळालेल्या पैशांचा कर! हे फार लोकांना माहीत नसतं आणि नोटीस आली की झोप उडते. खरोखरच भाव कमी असेल तर नोंदणीआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते आधीच ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, पण नंतरच्या नोटिशीपेक्षा तो परवडतो.

आता उलट बाजू. भाव तक्त्याच्या बराच वर असेल, तर काही विक्रेते म्हणतात, "करार सरकारी भावाने करू, वरचे रोख द्या." घेणाऱ्याला शुल्क वाचल्याचं समाधान मिळतं. मी हे कळकळीने सांगतो, या वाटेला जाऊ नका. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. रोख घेणाऱ्या विक्रेत्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि रोख देणारा खरेदीदार काय गमावतो? बँक करारातल्या रकमेवर किंवा तिच्या व्हॅल्युअरने काढलेल्या किमतीवर, यातली जी कमी त्यावर कर्ज देते. म्हणजे रोखीचा भाग पूर्णपणे खिशातून. व्यवहार फिसकटला तर त्या पैशांचा पुरावा नाही. दहा वर्षांनी तेच घर विकाल तेव्हा खरेदीची किंमत कमी दिसेल आणि नफ्यावरचा कर तुमच्याच डोक्यावर येईल.

या सवयीमुळेच मोबदल्याचा रकानाही आंधळेपणाने वाचू नये. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये गाव आणि सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकला की जुन्या दस्तांचे इंडेक्स टू फुकट पाहता येतात. प्रॉपर्टीच्या वेबसाइटवर दिसतो तो मालकाने सांगितलेला भाव. इथे दिसतो तो नोंदलेला. पण मोबदला आणि बाजारभाव हजाराच्या आकड्यापर्यंत जुळत असतील, तर तो दस्त मी बाजूला ठेवतो. खरी घासाघीस तक्त्याच्या आकड्यावर क्वचितच येऊन थांबते. नात्यातल्या माणसांमधले व्यवहारही वगळतो. दस्ताची तारीख बघतो, क्षेत्रफळ कार्पेट लिहिलंय की बांधीव ते बघतो, पार्किंग धरलंय का ते बघतो. मग उरलेले आकडे चौरस फुटाच्या दरात मांडतो.

बहिणीसाठी त्या सोसायटीचे दीड वर्षातले पाच दस्त सापडले. दोन तक्त्याशी जुळणारे होते, ते सोडले. उरलेल्या तिघांचा दर जवळजवळ सारखा निघाला. तिच्या फ्लॅटला लावला तर ७२ लाखांच्या आसपास येत होता. ते तीन कागद घेऊन ती मालकाकडे गेली. तो चिडला नाही, उलट शेजारच्या विंगमधला फ्लॅट इतक्याला गेला हे त्यालाही नवीन होतं. दोन बैठकांत ७३ वर ठरलं आणि ७३ लाखच करारात लिहिले गेले.