बेलफास्टला येत राहिलेला गिटारवादक

४ जानेवारी २०२५ रोजी बेलफास्टच्या बेडफर्ड स्ट्रीटवर, अल्स्टर हॉलसमोर, आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रॉरी गॅलाहरचा ब्राँझचा पुतळा बसवण्यात आला. त्याच्या दोनअडीच महिने आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, लंडनला त्याच्या गिटारचा लिलाव झाला होता. बोली ७ लाख पौंडांवर थांबली. लिलावगृहाचं शुल्क धरून आकडा ८ लाख ८९ हजारांवर गेला. आणि विकत घेणाऱ्यांनी ती गिटार घरी नेली नाही, आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली.

रॉरी जाऊन तेव्हा तीस वर्षं होत आली होती. तो बेलफास्टमध्ये जन्मलेला नव्हता. सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची सुटी रेकॉर्ड, काढायला तो तयार नसे, टीव्हीवर ध्वनिमुद्रणाबरोबर नुसते ओठ हलवायला तर मुळीच नाही, त्यामुळे रेडिओवर रोज वाजणारं असं त्याचं गाणंही नव्हतं. तरीही लोकांनी त्याला असं जपलं. याचं उत्तर त्याच्या रेकॉर्डमध्ये थोडं सापडतं. पुष्कळसं सापडतं ते त्याच्या कार्यक्रमांत, दिवे मंद झाल्यावर समोर बसलेल्या माणसांच्या बाबतीत जे घडलं त्यात.

त्याचा जन्म २ मार्च १९४८ चा, डोनेगॉल परगण्यातल्या बॅलीशॅनन गावचा. लहानपणाची काही वर्षं डेरी शहरात गेली आणि मग कुटुंब दक्षिणेला कॉर्कला आलं. वडील अकॉर्डियन वाजवायचे. घरच्या रेडिओवर अमेरिकी सैनिकांसाठी चालणारं केंद्र लागायचं, त्यावरून ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, कानावर पडला. आसपास शिकवणारं कोणी नव्हतं. ऐकायचं, आठवायचं, बोटं शोधत बसायचं, एवढीच शाळा.

१९६३ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने कॉर्कच्या क्राउलीज या दुकानातून फेंडर कंपनीची जुनी स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घेतली. १९६१ ची बनावट, किंमत १०० पौंड. तेवढे पैसे जवळ असणं शक्यच नव्हतं, हप्ते ठरले. ही गिटार मुळात एका शोबँडमधल्या वादकाने मागवली होती. त्याला लाल रंगाची हवी होती, आली सनबर्स्ट, म्हणजे मधे पिवळसर आणि कडांना गडद होत गेलेली. आयर्लंडमध्ये आलेली ही पहिलीच स्ट्रॅटोकास्टर, असं मानलं जातं. चुकलेल्या रंगामुळे ती दुकानात परत आली आणि एका शाळकरी मुलाच्या हाती लागली. पुढची बत्तीस वर्षं तीच त्याची मुख्य गिटार राहिली. मधे एकदा डब्लिनमध्ये चोरीला गेली, काही दिवसांनी उघड्यावर टाकून दिलेली सापडली. घामाने तिचा रंग निघत गेला, खालचं लाकूड दिसू लागलं, पण त्याने ती कधी रंगवून घेतली नाही. राष्ट्रीय संग्रहालयात गेली ती हीच.

हप्ते फेडायचे म्हणून तो शोबँडमध्ये शिरला. शोबँड हा त्या काळातला खास आयरिश प्रकार: सात-आठ जणांचा गट, एकसारखे सूट, आणि नाचाच्या हॉलमध्ये तासन्‌तास इतरांची गाजलेली गाणी. लेंटच्या उपवासकाळात आयर्लंडमधले हॉल बंद असत, मग हे गट इंग्लंड गाठत. रॉरीला तिथली गाणी रुचत नव्हती. पण थकलेल्या बोटांनी वाजवत राहणं आणि समोरच्याचं लक्ष सुटू न देणं, या दोन गोष्टी तो तिथेच शिकला असं मला वाटतं. त्याचे पुढचे दोन-दोन, तीन-तीन तासांचे कार्यक्रम ऐकताना ती तालीम जाणवत राहते.

१९६६ मध्ये त्याने ‘टेस्ट’ हे स्वतःचं त्रिकूट काढलं. कॉर्कमध्ये सुरू झालेला हा गट लवकरच बेलफास्टला गेला. तिथल्या मॅरिटाइम हॉटेलच्या क्लबमध्ये त्यांचं बस्तान बसलं, आणि बेलफास्टशी रॉरीचं नातं जुळलं ते तेव्हा. तिथून लंडन. २६ नोव्हेंबर १९६८ ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘क्रीम’ या गाजलेल्या रॉक गटाचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्यात आधी वाजवणाऱ्यांत टेस्ट होतं.

त्याच सुमारास लंडनच्या मार्की क्लबमध्ये एक प्रसंग घडला. टेस्टचा कार्यक्रम संपला, लोक गेले, पण एक विद्यार्थी मित्राबरोबर मागे रेंगाळला. रॉरी आपलं सामान स्वतःच आवरत होता. त्या मुलाने धीर करून विचारलं की हा आवाज येतो कसा? रॉरीने हातातलं काम थांबवून सगळं दाखवलं: हा व्हॉक्स कंपनीचा एसी-थर्टी अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र), आणि गिटार नि अ‍ॅम्पच्या मधे ही रेंजमास्टर नावाची छोटी पेटी. ही पेटी वरचे सूर उचलून अ‍ॅम्पमध्ये इतक्या जोराने ढकलते की त्याच्या व्हॉल्व्हचा आवाज फुटायला लागतो. पण तो बोचरा होत नाही, गाणाऱ्याच्या गळ्यासारखा लांबतो. मुलगा गेला आणि एसी-थर्टी मिळवून बसला. त्याचं नाव ब्रायन मे. त्याच्या ‘क्वीन’ या रॉक गटाच्या प्रत्येक रेकॉर्डवर जो आवाज जग ओळखतं, तो आपल्याला रॉरीने दिला, हे मे यांनी आयुष्यभर सांगितलं आहे.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. आपली युक्ती झाकून ठेवणारे वादक कमी नसतात. रॉरी झाकत नसे, आणि समोरच्या मुलाला कमीही लेखत नसे.

टेस्ट १९७० च्या अखेरीस फुटलं, शेवटचा कार्यक्रमही बेलफास्टलाच झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आइल ऑफ वाइटच्या अवाढव्य महोत्सवात त्यांनी लोकांना वेड लावलं होतं, पण आतून गट संपलेला होता. १९७१ पासून रॉरी स्वतःच्या नावाने वाजवू लागला. बास गिटारवर बेलफास्टचा जेरी मॅकॅव्हॉय आला आणि पुढची वीस वर्षं टिकला. १९७२ मध्ये ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाच्या वाचकांनी रॉरीला वर्षाचा सर्वोत्तम गिटारवादक निवडलं.

आता बेलफास्ट, ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडची राजधानी. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला संघर्ष पेटल्यामुळे १९६९ च्या ऑगस्टमध्ये तिथे ब्रिटिश सैन्य उतरलं होतं. एकट्या १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारात जवळपास ४८० माणसं मेली. २१ जुलैच्या दुपारी बेलफास्टमध्ये दीड तासाच्या आत सुमारे वीस बॉम्ब फुटले. संध्याकाळनंतर शहराचा मध्यभाग ओस पडायचा, नाक्यानाक्यावर झडती. मार्च १९७१ मध्ये ‘लेड झेपलिन’ अल्स्टर हॉलमध्ये वाजवून गेले होते. पुढे असे मोठे गट बहुतेक यायचे थांबले. विम्याचे प्रश्न होते, भीती होती, आणि ती खोटी नव्हती. ३१ जुलै १९७५ च्या पहाटे ‘मायामी शोबँड’ची गाडी कार्यक्रम करून डब्लिनला परतत होती. सैनिकी वेशातल्या हल्लेखोरांनी खोट्या नाक्यावर ती अडवली आणि तीन वादकांना ठार मारलं. त्यानंतर वादक मंडळी उत्तरेकडे जायला धजेनात, यात नवल ते काय.

रॉरी येत राहिला. दरवर्षी, बहुतेकदा नाताळ-नववर्षाच्या सुमारास, अल्स्टर हॉलमध्ये. १९७२ सालच्या सुरुवातीच्या अशाच एका कार्यक्रमाला लंडनहून ‘मेलडी मेकर’चा वार्ताहर गेला होता. मंचावर गट आल्याबरोबर अख्खा हॉल उठून उभा राहिला, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, हे त्याने भारावून लिहिलं. बाहेर कॅथलिकांच्या गल्ल्या वेगळ्या, प्रोटेस्टंटांच्या वेगळ्या. आत रांग एकच, खुर्च्या त्याच. रॉरी राजकारणावर भाषण करत नसे. चौकड्यांचा शर्ट, जीन्स, तीच झिजलेली गिटार, आणि सुरुवात.

जानेवारी १९७४ मधले बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कचे कार्यक्रम टोनी पामर यांनी चित्रित केले, त्यातून चित्रपट निघाला आणि ‘आयरिश टूर ७४’ हा अल्बमही. ज्यांना त्या हॉलमध्ये बसायला मिळालं नाही, त्यांच्यासाठी तो दरवाजा आजही उघडा आहे. मी स्वतः त्याच दारातून आत गेलो.

तिथे दिसतं काय? तो गाण्यांची यादी ठरवून मंचावर येत नसे. पुढे काय, हे गटाला त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून ओळखावं लागे. उजव्या हाताच्या करंगळीने वाजवतावाजवताच गिटारचं बटण फिरवायचा, त्यामुळे एकच सूर मिटलेल्या तोंडातून हळूहळू उघडत आल्यासारखा यायचा. अंगठ्याची कड तारेला निसटती लावून मधूनच टोकदार किंचाळी काढायचा. मग बोटात काचेची नळी, तारेवर घसरत जाणारी मींड. मधेच विजेवरची गिटार बाजूला, हातात मँडोलिन किंवा पत्र्याच्या अंगाची जुनी गिटार, आणि लोकांचे पाय हाच ताल. ठरलेलं काही नसल्याने कालचा कार्यक्रम आज पुन्हा मिळत नसे. म्हणून एकदा आलेला माणूस पुढच्या वर्षी परत यायचा. मागच्या वेळचं ऐकायला नव्हे, या वेळी काय होतं ते पाहायला. ही ओढ आपल्याकडच्या मैफलीच्या श्रोत्याला समजावून सांगावी लागू नये.

आयर्लंडबाहेरही हेच घडलं. जुलै १९७७ मध्ये जर्मनीतल्या एसेनच्या ग्रूगाहालेमधून ‘रॉकपालास्ट’ या जर्मन संगीत-कार्यक्रमाची पहिली रात्र युरोपभर टीव्हीवर थेट दाखवली गेली, तीत रॉरी होता. जर्मनीतला त्याचा श्रोतृवर्ग आजही सर्वांत निष्ठावान गटांपैकी एक आहे, त्यात त्या रात्रीचा वाटा मोठा. सप्टेंबर १९८१ मध्ये अथेन्सच्या मैदानात तो वाजवत असताना बाहेर पोलिसांशी चकमकी उडाल्या, अश्रुधूर सुटला. पॅरिसजवळच्या रिस-ओरांजी गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे.

शेवटची वर्षं दुःखाची. विमानप्रवासाची भीती आणि त्यासाठी घेतलेली औषधं, जोडीला दारू, यांनी यकृत खाल्लं. जानेवारी १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये वाजवताना त्याचं शरीर साथ देईना. यकृतरोपण झालं, मग जंतुसंसर्ग, आणि १४ जून १९९५ ला लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात तो गेला. वय ४७. कॉर्कमध्ये अंत्ययात्रेला रस्त्यांच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते.

बॅलीशॅननमध्ये २०१० साली त्याचा पुतळा बसला. त्या छोट्याशा गावात दरवर्षी मे-जूनच्या सुमारास त्याच्या नावाचा उत्सव भरतो. जर्मनीतून, नेदरलँड्समधून, बेलफास्टहून माणसं येतात. सत्तरीतल्या चाहत्यांच्या शेजारी चौकड्यांचा शर्ट घातलेली, त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेली मुलंही असतात, आणि पबमध्ये रात्री उशिरापर्यंत त्याची गाणी वाजत राहतात.