घासलेलं नाणं

जुनं नाणं चकाकतंय ते टांकसाळीतून निघालं तसंच टिकलंय, की मागाहून कुणी घासून नाहीतर ॲसिडात बुडवून चमकवलंय, हे ओळखण्याची पारख. कोल्हापुरात हा प्रश्न जरा जास्तच येतो, कारण घरोघरच्या देव्हाऱ्यातले राणीछाप रुपये लक्ष्मीपूजनाला चिंच, रांगोळी, हल्ली टूथपेस्टनं घासले जातात आणि त्यातलेच काही पुढं गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, मोडीला येतात.

ठसा बसताना धातू मधून कडेकडं सरकतो आणि त्याच्या अगदी बारीक रेषा नाण्यावर राहतात. एकाच दिव्याखाली नाणं तिरकं धरून फिरवलं की या रेषांमुळं उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यागत गोल फिरतो. घासल्यावर रेषाच जातात, मग चमक राहते पण सपाट, जागच्या जागी. दुसरी साधी खूण म्हणजे राणीच्या केसांच्या बटा झिजून गुळगुळीत आणि तरी रुपया लखलखीत, असं नैसर्गिकपणे होत नाही. हाताळलेल्या नाण्याचा उंच भाग आधी मळकट पडतो. वजनावरून काही कळत नाही. 11.66 ग्रॅमचा रुपया घासून जे जातं ते साध्या काट्यावर दिसण्याइतकं नसतं.

खरी गफलत चरे बघताना होते. टांकसाळीत डायच (नाण्यावर छाप उठवणारा साचा) पॉलिश केलेला असेल तर डायवर खोल रेषा पडतात, त्या नाण्यावर उलट्या म्हणजे उठावदार येतात, आणि त्या फक्त मोकळ्या जागेत असतात, अक्षरावर चढत नाहीत कारण डायमध्ये अक्षर खोलात असतं, तिथं पॉलिश पोचतच नाही. घासलेल्या नाण्याचे चरे खोल असतात, बरेचदा एका दिशेनं जातात, अक्षरावरूनही जातात आणि अक्षराच्या अगदी बुडाशी मात्र फडकं न पोचल्यानं काळी किनार उरते. दहापट भिंग पुरतं. नवख्यांनी डायच्या रेषा पाहून चांगलं नाणं नाकारल्याची उदाहरणं कमी नाहीत.

तांब्याच्या शिवराईला चिंच लावली की तपकिरी थर विरघळून गुलाबीसर रंग निघतो. जुन्या, वापरलेल्या तांब्याचा रंग असा नसतो. मग काहीजण गंधकाच्या द्रावणात बुडवून परत काळी करतात, पण तो काळेपणा सगळीकडं सारखा असतो आणि त्याच्याखाली चरे दिसतातच.

शिशाच्या नाण्यांचं नुकसान सगळ्यात मोठं, आणि ती कोल्हापूरचीच. ब्रह्मपुरी टेकडी आणि आसपास धनुष्यबाणाची छाप असलेली कुर राजांची नाणी सापडतात. ती साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली धरतात. हे राजे सातवाहनांचे मांडलिक की खुद्द सातवाहनच, यावर एकमत नाही. ग्रीक भूगोलकार टॉलेमीनं हिप्पोकुरा इथला राजा बालेओकुरोस लिहिलाय तो म्हणजे यांच्यातला विळिवायकुर असं बरेचजण मानतात, हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूरच का, हे मात्र तितकं पक्कं नाही. राजांचा क्रम मात्र नाण्यांवरूनच लागतो, वासिठीपुत्र विळिवायकुराच्या नाण्यावर माढरीपुत्र सिवलकुरानं आपला ठसा मारला आणि या दोघांच्या नाण्यांवर गोतमीपुत्र विळिवायकुरानं. खालच्या ठशाचं एखादं अक्षर, बाणाचं टोक एवढंच पुसट उरलेलं असतं, शिसं नखानं ओरखडेल इतकं मऊ, त्यामुळं तारेचा ब्रश फिरला की हा पुरावाच जातो. चकचकीत शिशाचं नाणं दिसलं तर ते नुकतंच खरवडलंय हे नक्की, कारण उघडं शिसं हवेत लवकरच करडं पडतं.

नुसता तेलकटपणा काढायला डिस्टिल्ड वॉटर किंवा ॲसिटोन वापरलं आणि चोळलं नाही तर त्याला घासणं म्हणत नाहीत.

सोन्यावर काळा थर फारसा धरत नाही म्हणून रंगावरून निवाडा होत नाही. होन किंवा मोहर गळ्यातून काढलेली असेल तर कडी लावलेली जागा काठावर बघावी, डाग देऊन (कडी सांधून) उरलेली खूण घालवताना तेवढाच भाग जास्त गुळगुळीत झालेला असतो.