डोळ्यांना न दिसणारा लेझर आणि पुण्याचा हातभार

दुर्बिणीचा आरसा जितका मोठा, तितका बारीक तपशील, असं गणित सांगतं. हवा ते जुळू देत नाही. 10 मीटरच्या दुर्बिणीलासुद्धा, हवेचा हिशेब केला नाही तर, हौशी निरीक्षकाच्या 20 सेंटिमीटरच्या दुर्बिणीपेक्षा फारसं रेखीव दिसत नाही. अंधुक तारे मात्र टिपता येतात, कारण प्रकाश जास्त गोळा होतो. तापलेल्या डांबरी रस्त्यावर समोरचं दृश्य थरथरतं ना, तेच डोक्यावरच्या हवेत रात्रभर चालू असतं.

यावरचा तोडगा अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी 1953 मध्येच कागदावर मांडला होता: ताऱ्याचा प्रकाश हवेने किती वेडावाकडा केला ते मोजायचं आणि आरसा बरोबर उलटा वाकवायचा. हेच अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स. मोजणी करायला जवळपास एखादा ठळक तारा लागतो आणि तो बहुतेक वेळा नसतोच. म्हणून लेझरने आकाशात खोटा तारा उभा करतात. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीचे नारिंगी लेझर सुमारे 90 किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या अणूंना चमकवतात. त्याचे फोटो सगळीकडे दिसतात.

मला जास्त आवडते ती त्या मानाने गरीब घरची यंत्रणा, रोबो-एओ (एओ म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स). अमेरिकेतलं कॅलटेक विद्यापीठ आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था यांनी मिळून ती बनवली आणि कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या 1.5 मीटर दुर्बिणीवर बसवली होती. तिचा लेझर अतिनील आहे. तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे वैमानिकाचे डोळे दिपण्याची भीती नाही आणि विमानांवर नजर ठेवायला रात्रभर माणसं बसवावी लागत नाहीत. उपग्रहांच्या वेळा तेवढ्या सांभाळाव्या लागतात.

हा लेझर सलग नसतो, स्पंदनांनी सुटतो. 10 किलोमीटर वर जाऊन हवेच्या रेणूंवरून विखुरलेला प्रकाश परत यायला सुमारे 67 मायक्रोसेकंद लागतात. मोजणी करणाऱ्या कॅमेऱ्यासमोरची झडप नेमकी त्याच क्षणी उघडते, म्हणजे खालच्या हवेतून परतलेला प्रकाश आत शिरत नाही. मग सेकंदाला सुमारे 1200 वेळा, जेमतेम काही मिलिमीटरच्या आरशाला हवा तसा बाक दिला जातो.

एक अडचण उरतेच. लेझर ज्या वाटेने वर जातो त्याच वाटेने प्रकाश परततो, त्यामुळे सगळी प्रतिमा किती सरकली हे लेझरवरून कळत नाही. ते काम चित्र घेणारा कॅमेराच करतो. मंद प्रकाशही टिपणारा हा कॅमेरा सेकंदाला आठेक चौकटी घेतो आणि संगणक नंतर त्या ताऱ्यावर तारा जुळवून एकमेकींवर रचतो.

हे सगळं माणसाशिवाय चालायचं, म्हणून एका रात्रीत दोनशेहून जास्त तारे पाहून व्हायचे. ताऱ्यासमोरून ग्रह जाताना ताऱ्याचा प्रकाश किती घटतो यावरून ग्रह शोधणाऱ्या, 2018 पर्यंत चाललेल्या केप्लर या अवकाश दुर्बिणीला हेच हवं होतं. तिच्या कॅमेऱ्याचा एकेक पिक्सेल आकाशाचा 4 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) रुंद भाग व्यापायचा, म्हणजे शेजारशेजारचे दोन तारे तिला एकच वाटायचे. 2012 च्या हंगामात रोबो-एओने ग्रह असण्याची शक्यता असलेले 715 तारे तपासले. त्यांच्याजवळ 53 शेजारी तारे सापडले आणि त्यातले 43 तोवर कुणाला ठाऊकच नव्हते.

शेजाऱ्याचा प्रकाश मिसळला की ग्रहाने झाकलेला भाग लहान भासतो. दोन्ही तारे सारखेच तेजस्वी असतील, तर ग्रहाची त्रिज्या आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे 41 टक्क्यांनी मोठी निघते. एवढ्या फरकाने खडकाळ म्हणून नोंदलेला ग्रह वायूने वेढलेलाही ठरू शकतो.