पडद्यावर ‘भारत’, कानात ‘एच के के जे आर’

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. प्रकरण केवायसीचं, म्हणजे बँका वगैरे ग्राहकाची ओळख पटवून घेतात त्याचं होतं. यंत्रणा म्हणणार, ‘कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा’. मग ॲसिड हल्ल्यानंतर ज्यांना पापण्या मिटता येत नाहीत, किंवा ज्यांना पडदाच दिसत नाही, त्यांनी काय करायचं? अशा निकालांची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘‘अंधांसाठी बोलणारं सॉफ्टवेअर असतं ना? ऑफिसात ते टाकून दिलं की झालं!’’

नाही होत. मराठी ऑफिसात तर अजिबातच नाही.

या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यातला एनव्हीडीए फुकट मिळतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन मित्रांचं हे काम, २००६पासूनचं. माउस लागत नाही, सगळा कारभार कीबोर्डवर. वेबपानावर ‘एच’ दाबलं की पुढचं शीर्षक. सरावलेला माणूस इतक्या वेगाने ऐकतो, की शेजाऱ्याला नुसती किरकिर ऐकू यावी. (‘देव एक काढून घेतो आणि दुसरं देतो’ वगैरे काही नाही. हा निव्वळ सराव आहे.)

आता गंमत अशी, की स्क्रीन रीडर पडदा बघतच नाही. ‘क’चा आकार पडद्यावर उमटण्याआधी संगणकाकडे असतो एक क्रमांक. युनिकोड या जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाने देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिला आहे आणि त्यात ‘क’चा क्रमांक ०९१५. स्क्रीन रीडर हा क्रमांक उचलतो आणि आवाज काढणाऱ्या यंत्रणेकडे सोपवतो. आकार काढणं हे फॉन्टचं काम, त्याच्याशी याला काही देणंघेणं नाही.

‘कि’मध्ये वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर, म्हणजे उच्चाराचा क्रम. ‘कार्यालय’ साठवलं जातं ते असं: क, काना, र, हलन्त, य, काना, ल, य. एकूण आठ क्रमांक. ‘र्’ हा ‘य’च्या आधी येतो, जसा तो तोंडातून येतो. त्याला रफार करून डोक्यावर चढवायचं ते फॉन्टने. मला ही रचना फार देखणी वाटते.

पण युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि ती आपल्या कचेऱ्यांत सर्रास वापरात येईपर्यंत तिथे कृतिदेव, श्रीलिपीसारखे फॉन्ट रुळून गेले होते. त्यांनी एक शक्कल लढवली: इंग्रजी अक्षरावर मराठी मुखवटा चढवायचा. कृतिदेवमध्ये ‘भारत’ टाइप केलं, की फाइलमध्ये जातं एच, के, के, जे, आर. मोठ्या लिपीतला एच म्हणजे अर्धा भ, पहिला के त्याला पूर्ण करणारा दंड, दुसरा के खरा काना, मग जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. ‘कार्यालय’मध्ये तर ‘य’च्या जागी चक्क अर्धविराम बसतो, आणि रफार (मोठा झेड) ‘या’च्या कान्यानंतर येतो, कारण टाइपरायटरवर तो तसाच मारला जायचा. डोळस माणसाला मुखवटा दिसतो, स्क्रीन रीडरला त्यामागचा चेहरा. मग तो ‘एच के के जे आर’ असं काहीबाही पुटपुटत बसतो. यात त्याची काही चूक नाही.

जुन्या फाइली बदलून देणारी साधनं आहेत, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा. रफार उचलून मागे न्यायचा, ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी अख्ख्या ‘स्थ’ला ओलांडून पुढे ढकलायची. मजकुरात मध्येच खरा इंग्रजी शब्द असेल आणि साधनाने तो ओळखला नाही, तर त्याचंही मराठीत कडबोळं होतं.

त्याहून वाईट म्हणजे स्कॅन. परिपत्रक टाइप करायचं, छापायचं, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करून पीडीएफ पाठवायची. आता त्यात अक्षरच उरलं नाही, उरलं नुसतं चित्र. ओसीआर ते चित्र पाहून अक्षरं ओळखतं खरं, पण पुसट छपाईत अनुस्वार गळतात आणि आकडे बदलतात. पगाराच्या तक्त्यात हे कसं चालेल?

हल्ली ‘एआयचा चष्मा, अंधांना दृष्टी’ छापाच्या बातम्या येतात. वर्णन करून सांगणारी ती साधनं रस्त्यावर, दुकानात उपयोगी आहेतच. पण मूळ फाइल उपलब्ध असताना तिचा फोटो काढून त्यातलं अक्षर यंत्राला ओळखायला लावणं, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारची दिव्यांगता मानतो, सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखून ठेवायला सांगतो (त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी) आणि सरकारी कचेऱ्यांनी कर्मचाऱ्याला वाजवी सोयी दिल्याच पाहिजेत असंही म्हणतो. सोयी म्हटलं की साहेबांच्या डोळ्यांपुढे रॅम्प आणि खरेदीच्या निविदा येतात. इथे मात्र एवढंच हवं: सही-शिक्क्याची पीडीएफ पाठवाल तेव्हा युनिकोडमधली मूळ वर्ड फाइलही सोबत जोडा. ‘आमच्या टायपिस्टचा हात जुन्या कीबोर्डवर बसलाय’ हीही सबब टिकत नाही. जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या त्याच मांडणीने युनिकोड टाइप करता येतं. बोटं तीच चालतात, फाइलमध्ये तेवढं एच-के-के-जे-आर ऐवजी ‘भारत’ जातं.