अँथ्रॅक्स: दुसऱ्यासाठी केलेला अल्बम आणि परतलेला गायक

न्यूयॉर्कच्या अँथ्रॅक्स या मेटल बँडचा ‘वर्शिप म्युझिक’ हा अल्बम सप्टेंबर २०११मध्ये बाजारात आला. १९९०च्या ‘पर्सिस्टन्स ऑफ टाइम’नंतर तब्बल २१ वर्षांनी जुना गायक जोई बेलाडोनाच्या आवाजातला पूर्ण स्टुडिओ अल्बम म्हणून त्याचं भरपूर कौतुक झालं. गंमत अशी, की हा अल्बम मुळात बेलाडोनासाठी केलेलाच नव्हता. तो आधी दुसऱ्याच गायकाच्या आवाजात रेकॉर्ड झाला होता आणि मग रखडला होता. हे कसं घडलं ते समजून घ्यायचं तर या बँडची गायक बदलण्याची जुनी खोड पाहावी लागते.

सुरुवात १९८१ची. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले दोन शाळकरी दोस्त, गिटारवर स्कॉट इयन आणि बेसवर डॅन लिल्कर, यांनी बँड काढला आणि जीवशास्त्राच्या पुस्तकातून एका रोगाचं नाव उचललं. पुढे ड्रम्सवर चार्ली बेनांटे आला. लिल्कर पहिल्या अल्बमनंतर बाहेर पडला आणि त्याच्या जागी बेनांटेचा भाचा फ्रँक बेलो आला. न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागातले हे मामा-भाचे आणि इयन, हाच बँडचा खरा कणा. १९८३मध्ये पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मेटॅलिका बँडवाले पहिल्या अल्बमसाठी न्यूयॉर्कला आले तेव्हा क्वीन्समधल्या एका सराव-इमारतीत, नुसत्या जमिनीवर झोपत होते. त्यांना फ्रिज आणि टोस्टर पुरवणारी मंडळी अँथ्रॅक्सची. त्या काळी थ्रॅश मेटल, म्हणजे मेटलचा अतिवेगवान आणि आक्रमक प्रकार, म्हणजे अशीच उसनवारीवर चाललेली बिरादरी होती.

पहिला अल्बम, १९८४चा ‘फिस्टफुल ऑफ मेटल’, नील टर्बिनने गायला. त्याची हकालपट्टी झाली, मॅट फॅलन नावाचा गायक आला आणि तोही टिकला नाही. इथाका गावातल्या स्टुडिओत पुढच्या अल्बमचं काम सुरू झालेलं आणि गायकाचा पत्ता नाही, अशी परिस्थिती. तेव्हा निर्माता कार्ल कॅनेडीने ओस्विगो गावच्या एका पोराचं नाव सुचवलं. जोई बेलाडोनाला थ्रॅशचा गंधही नव्हता. तो जर्नी या सुरेल रॉक बँडच्या वळणाची गाणी म्हणणारा, मोकळ्या आणि उंच पट्टीतला गायक.

माझ्या मते अँथ्रॅक्सचं वेगळेपण इथेच ठरलं. बाकीचे थ्रॅश गायक गुरगुरत, ओरडत किंवा दात-ओठ खात होते. इकडे इयन-बेनांटेच्या खटाखट तुटणाऱ्या रिफवर (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांवर) हा माणूस चक्क सुरात गात होता. कोरसला मागून सगळा बँड गल्लीतल्या पोरांसारखा आरडाओरडा करायचा आणि त्यावर बेलाडोनाचा आवाज तरंगायचा. १९८७च्या ‘अमंग द लिव्हिंग’मध्ये ही भट्टी पूर्ण जमली. तो अल्बम मेटॅलिकाचा बेसिस्ट क्लिफ बर्टनच्या स्मृतीला वाहिलेला आहे. १९८६मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून बर्टन गेला, तेव्हा त्या दौऱ्यात अँथ्रॅक्सच सोबत होता.

१९९१मध्ये पब्लिक एनिमी या रॅप गटाबरोबर केलेल्या रॅप-मेटल गाण्याने बँडला नवे श्रोते मिळाले आणि पुढच्याच वर्षी बेलाडोनाला काढून टाकलं. इयन आणि मंडळींना जास्त गडद, जाडसर आवाज हवा होता. गाण्यांचे शब्द बहुतांशी इयनचे, चाली-रिफमध्ये बेनांटेचा मोठा हात, त्यामुळे गायक हा बँडमध्ये तसा भाडेकरूच. बेलाडोनाच्या जागी आर्मर्ड सेंट या मेटल बँडचा गायक जॉन बुश आला. याच बुशला १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मेटॅलिकाने गायक म्हणून विचारलं होतं आणि त्याने नकार दिला होता!

बुशचा पहिला अल्बम, १९९३चा ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’, अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ७व्या क्रमांकापर्यंत गेला. तिथून उतार लागला. ग्रंज या नव्या रॉक प्रकाराने बाजार फिरवला, रेकॉर्ड कंपनीचा रस आटला, गिटारिस्ट डॅन स्पिट्झ वाद्य ठेवून घड्याळं बनवायच्या धंद्यात गेला. बुशच्या काळाला नावं ठेवायची पद्धत आहे, पण २००३चा ‘वुईव्ह कम फॉर यू ऑल’ ऐकून ती ठेवावीत असं मला वाटत नाही. मधल्या काळात, २००१च्या शरद ऋतूत, अमेरिकेत टपालातून खरेच अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले आणि बँडच्या नावावर प्रश्न उभा राहिला. त्यांनी नाव बदललं नाही.

मग २००५मध्ये जुन्या लाइनअपचा दौरा ठरला. बेलाडोना आला, स्पिट्झही आला, बुश बाजूला पडला. सगळ्यांना वाटलं, आता नवा अल्बम येणार. तो आला नाही. २००७च्या सुरुवातीला बेलाडोना पुढे राहणार नाही हे स्पष्ट झालं आणि बुशही लगेच परतायला तयार नव्हता. दोन-दोन गायक असलेल्या बँडकडे एकही गायक उरला नाही.

त्या वर्षाच्या शेवटी डॅन नेल्सन या फारशा परिचित नसलेल्या गायकाची घोषणा झाली. त्याच्याबरोबर गाणी बसवली, रेकॉर्ड केली, अल्बमचं नावही ‘वर्शिप म्युझिक’ असं ठरलं. जुलै २००९मध्ये नेल्सन बाहेर. बँड म्हणे तो आजारी आहे, तो म्हणे मी ठणठणीत. तोंडावर आलेल्या इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या सोनिस्फियर महोत्सवासाठी बुशला हाक मारली, त्याने वेळ निभावून नेली आणि चाहत्यांनी त्याला परत घ्या म्हणून गलका केला. पण कायमचं बांधून घ्यायला तो राजी नव्हता.

कोंडी फुटली ती व्यवहारामुळे. २०१०च्या उन्हाळ्यात मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स हे थ्रॅशचे ‘बिग फोर’ प्रथमच एका मंचावर येणार होते, १६ जूनला वॉर्सामध्ये. अशा मैफलीला ऐंशीच्या दशकातला आवाज हवा, हे कुणीही सांगितलं असतं. बेलाडोना परतला. २२ जूनचा बल्गेरियातल्या सोफियाचा कार्यक्रम अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत दाखवला गेला आणि हा माणूस अजून त्याच पट्टीत गातो, हे जगाने पाहिलं.

आता डब्यात पडलेल्या रेकॉर्डिंगचं काय? नुसता आवाज बदलून काम भागणार नव्हतं. काही गाणी टाकून दिली, काही नव्याने लिहिली, ड्रम्सपर्यंत बरंच काही पुन्हा केलं आणि बेलाडोनाच्या गायनाचं काम निर्माता जे रस्टनबरोबर झालं. याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ‘इन द एंड’. आधीचं एक गाणं मोडून ते घडवलं आणि त्याचा विषय झाला दोन गेलेली माणसं: डिसेंबर २००४मध्ये कोलंबसच्या मंचावर गोळी लागून मेलेला पँटेरा या मेटल बँडचा गिटारिस्ट डाइमबॅग डॅरेल, ज्याने बुशच्या काळातल्या अल्बमांत सोलो वाजवले होते, आणि मे २०१०मध्ये कॅन्सरने गेलेला मेटल गायक रॉनी जेम्स डिओ. संथ घंटेपासून सुरू होणारं हे गाणं बुशच्या भरड आवाजात वेगळंच वाटलं असतं. बेलाडोना शेवटच्या कडव्यात वर चढतो तेव्हा डिओची आठवण येते, कारण दोघांचं घराणं एकच, शब्द स्पष्ट ठेवून गळा मोकळा सोडणारं.

अल्बम बिलबोर्डवर १२व्या क्रमांकावर उतरला, बँडसाठी १९९३नंतरची सर्वोत्तम मजल. अमेरिकेत तो १३ सप्टेंबरला निघाला आणि दुसऱ्याच दिवशी ‘बिग फोर’ची मैफल होती यँकी स्टेडियमवर, म्हणजे बेनांटे आणि बेलोच्या ब्राँक्समध्ये.

यानंतर गिटारिस्ट रॉब कॅजियानो गेला, जॉन डोनाइस आला, पण गायकाची खुर्ची हलली नाही. २०१६चा ‘फॉर ऑल किंग्ज’ पहिल्या दिवसापासून बेलाडोनाचा गळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेला होता. तो ९व्या क्रमांकावर गेला.