गाझान खान: लूट थांबवून शेतसारा बांधून देणारा मंगोल

चंगीझखानाचा नातू हुलागूने १२५८ साली बगदाद लुटले, खलिफाला मारले आणि इराणात इलखानी राज्य बसवले. राज्य बसले, पण वसुलीची रीत स्वारीतलीच राहिली. एकाच वर्षात पुन्हा पुन्हा कर मागितला जाई. यज्द भागातल्या खेड्यांत उरलेसुरले लोक टेहळणीला माणूस बसवत. लांबून कुणी येताना दिसला की इशारा होई आणि सगळे जमिनीखालच्या पाटांत, वाळूत लपून बसत. शेते अर्थातच ओस पडली.

तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा, १२९४ मध्ये, गैखातू खानाने चीनच्या धर्तीवर राजधानी तबरीझमध्ये कागदी चलन काढले. नोटेवर चिनी अक्षरे होती आणि कलमा, म्हणजे इस्लामी श्रद्धेचे वचनही. दुकानदारांनी माल विकणेच बंद केले, बाजार ओस पडला आणि थोड्याच दिवसांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. पुढच्या वर्षी गैखातू मारला गेला, त्याच्या जागी आलेला बायदूही टिकला नाही. १२९५ च्या अखेरीस गादीवर आला हुलागूचा पणतू गाझान, वय अवघे २४.

तो बौद्ध गुरूंच्या हाताखाली वाढला होता. बायदूविरुद्ध उभे राहताना नौरोझ या सरदाराच्या सल्ल्याने त्याने इस्लाम स्वीकारला. बौद्ध मंदिरे पाडली गेली, आणि नौरोझलाही त्याने १२९७ मध्ये ठार करवले. हे विसरून त्याचे गुणगान करता येत नाही.

तरीही त्याचे खरे मोठेपण महसुलात आहे. रयतेचा कळवळा म्हणून नव्हे, असे तो सरदारांना उघड सांगे. आज रयतेचे बैल आणि बियाणे ओढून नेले तर उद्या खाणार काय, हा त्याचा सवाल होता. गावाने किती शेतसारा कधी भरायचा, हे दगडावर, लाकडावर किंवा धातूच्या पत्र्यावर कोरून गावातच लावायचा हुकूम निघाला. वजनमापे तबरीझच्या मापाने एकसारखी केली, नाणी शुद्ध केली, पडीक जमीन कसणाऱ्याला सूट दिली. या कामी त्याचा वजीर होता रशीदुद्दीन, मूळचा वैद्य. मंगोलांचा इतिहास त्याने गाझानच्याच आज्ञेवरून लिहायला घेतला.

सीरियावरच्या स्वाऱ्यांनी मात्र हाती काही राहिले नाही. १२९९-१३०० च्या स्वारीत जिंकलेले दमास्कस सुटले, १३०३ मध्ये इजिप्त-सीरियाच्या ममलुक सुलतानांनी त्याच्या फौजेचा पराभव केला. १३०४ साली तो वारला. आधीच्या इलखानांची थडगी गुप्त ठेवली जात. गाझानने मात्र तबरीझबाहेर स्वतःसाठी घुमट आधीच बांधवून घेतला होता, भोवती मशीद, मदरसे, रुग्णालय आणि वेधशाळा.