चिलर, व्हीआरएफ आणि पावसाळ्याची ओल : गोव्यातील जुन्या हॉटेलांच्या वातानुकूलनाची पार्श्वभूमी

आर-२२ या थंडावा देणाऱ्या जुन्या गॅसवर चालणारी नवी एसी यंत्रे देशात बनवण्याची मुदत २०२४ अखेर संपली. तेव्हापासून पणजी, मिरामार, कळंगुट, कोलवा भागातल्या पंचवीस-तीस वर्षे जुन्या हॉटेलांपुढे प्रश्न उभा आहे, की आहे ती यंत्रणा अजून काही वर्षे ओढायची की उपटून नवी बसवायची. बोलणे गॅसपासून सुरू होते. पण या इमारती कुठल्या मोसमासाठी बांधल्या गेल्या, तिथे अडचणीचे मूळ आहे.

१९६१पूर्वीच्या घरांबद्दल थोडक्यातच सांगता येईल. चिऱ्याच्या दीड-दोन फुटी भिंती, उंच छप्पर, मंगळुरी कौले, शिंपल्यांच्या खिडक्या. चिरा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो, पण घरातून वारा खेळत असल्याने तो सुकतही असे. पणजीतल्या फोंताईन्हाससारख्या जुन्या भागात अशा घरांची हॉटेले झाली तेव्हा खिडक्या बंद झाल्या, आतून सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट आला, आणि भिंतीतल्या पाण्याला बाहेर पडायची वाट उरली नाही. पुढे बसवलेल्या प्रत्येक एसीला ही ओल सोसावी लागली आहे.

सत्तरच्या दशकात आग्वादच्या किल्ल्याजवळ पहिली मोठी किनारी हॉटेले उभी राहिली. १९८३ मध्ये राष्ट्रकुल प्रमुखांच्या बैठकीचा विश्रामकाळ गोव्यात झाला आणि त्याच दशकाच्या मध्यापासून चार्टर विमाने येऊ लागली. तेव्हाचा हिशेब सरळ होता. पाहुणा ऑक्टोबर ते मार्च, पावसाळ्यात निम्मे हॉटेल बंद. क्षमता मेच्या उन्हावरून काढली जाई आणि वर सुरक्षेसाठी पंधरा-वीस टक्के वाढ. मोठ्या हॉटेलांत रेसिप्रोकेटिंग चिलर (पिस्टनच्या कॉम्प्रेसरने पाणी गार करणारे मध्यवर्ती यंत्र), त्याची उष्णता बाहेर टाकणारा कूलिंग टॉवर आणि खोल्यांत त्या गार पाण्याने हवा थंड करणारे फॅन कॉइल. लहानांत विंडो एसी. ते चिलर टनामागे (टन हे थंड करण्याच्या क्षमतेचे माप) सुमारे १ किलोवॉट वीज खात. आजचे पाण्याने थंड होणारे स्क्रू चिलर ०.६ ते ०.७ मध्ये भागवतात.

विंडो एसीची एक गोष्ट विसरली गेली. त्याला बाहेरची हवा थोडी आत घेणारी एक छोटी झडप असे. २००० नंतर स्प्लिट आले, आवाज कमी झाला, खिडकी मोकळी झाली, आणि ती झडप गेली. ताज्या हवेचा मार्ग म्हणून उरला फक्त बाथरूमचा एक्झॉस्ट, जो चोवीस तास खोलीतली हवा ओढतो आणि तिच्या जागी दाराखिडकीच्या फटींतून बाहेरची दमट हवा आणतो.

याच सुमारास देशी पर्यटक पावसाळ्यात येऊ लागला. जुलैत शनिवार-रविवार हॉटेल भरलेले असते. तेव्हा बाहेर २८ ते ३० अंश आणि ८० टक्क्यांवर आर्द्रता. उष्णता कमी, ओल प्रचंड. ताशी ५० घनमीटर हवा एका खोलीत शिरली तर दिवसाला सुमारे १५ लिटर पाणी आत येते. मेसाठी मोठा घेतलेला एसी जुलैत पाच-सात मिनिटांत तापमान गाठतो आणि कॉम्प्रेसर थांबवतो. कॉइलवरचे पाणी ट्रेमध्ये ओघळायच्या आत चालू राहिलेला पंखा ते पुन्हा हवेत सोडतो. खोली गार पण चिकट. पाहुणा १८ वर लावतो, भिंत दवबिंदूखाली (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते त्याखाली) जाते, आणि विनायल वॉलपेपरच्या मागे काळी बुरशी धरते. कुबट वासाच्या तक्रारींपैकी बहुतेकांचा उगम इथेच आहे, आणि त्यावर अत्तर फवारणे हा इलाज नव्हे.

सगळ्यात मोठा वाद मात्र २००८ नंतरच्या दशकातला : चिलर काढून व्हीआरएफ, म्हणजे एका बाह्य युनिटमधून तांब्याच्या नळ्यांनी अनेक खोल्यांना थेट गॅस पुरवणारी यंत्रणा, बसवण्याचा. बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ऑफ सीझनला दहा खोल्या भरल्या तर दहाच चालवता येतात. चिलरला तेवढ्यासाठी पंप आणि टॉवर दोन्ही फिरवावे लागत. कूलिंग टॉवरचे पाणी, त्याचे रसायन, प्लांट रूम सगळे वाचते. मजला मजला करून काम काढता येते, हॉटेल बंद ठेवावे लागत नाही. आणि इन्सुलेशनसकट दीडशे मिलिमीटरच्या पाइपापेक्षा तांब्याची नळी कमी उंचीच्या फॉल्स सीलिंगमध्ये सहज बसते.

आमच्या मते तरीही हा निर्णय अनेक ठिकाणी घाईचा झाला. काढलेल्या चिलर यंत्रणांतला मोठा दोष थंड पाण्याचा नव्हता, देखभालीचा होता. जाळ्या तुंबलेल्या, कॉइलला नको असलेले पाणी परत वळवणारे थ्री-वे व्हॉल्व्ह उघडे अडकलेले, येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यात ५ अंशांऐवजी २ अंशांचाच फरक. पाइपची जाडी अल्ट्रासोनिकने मोजून, लाइन धुऊन, पाणी गरजेपुरतेच सोडणारे टू-वे व्हॉल्व्ह आणि पंपाला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारे उपकरण) लावले असते तर निम्म्या खर्चात काम झाले असते. पंपाचा वेग २० टक्के कमी केला की त्याची वीज जवळजवळ निम्मी होते. शिवाय ७ अंशांचे पाणी कॉइलवर ओल चांगली काढते. व्हीआरएफ कमी भारावर वीज वाचवण्यासाठी कॉइलचे तापमान वर नेते, आणि नेमकी जुलैत ओल निघत नाही. ही सोय सेटिंगमध्ये बंद करून बाष्पीभवनाचे तापमान ६ अंशांच्या आसपास बांधता येते, पण ठेकेदाराकडून यंत्रणा ताब्यात घेताना ते कोणी विचारत नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. चिलरचा गॅस प्लांट रूममध्ये राहतो, व्हीआरएफचा पाहुण्याच्या पलंगावरून जातो. व्हीआरएफमधल्या आर-४१०ए गॅससाठी खोलीतली मान्य मर्यादा घनमीटरला ०.४२ किलो आहे. बारा चौरस मीटरची, २.७ मीटर उंचीची खोली धरली तर सुमारे साडेतेरा किलो. एका बाह्य युनिटवर डझनभर खोल्या आणि लांब नळ्या असल्या की एकूण गॅस सहज त्याच्या पुढे जातो, आणि गळती झाली तर सगळा एकाच खोलीत उतरू शकतो. जुन्या इमारतीतल्या छोट्या खोल्यांना म्हणून एकाऐवजी दोन लहान सर्किट करावीत. नळ्या जोडताना आतून नायट्रोजन सोडावा, मग ४० बारच्या आसपास चोवीस तास दाब धरून पाहावा, त्यानंतर ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे इथे निर्वात दाबाचे माप) व्हॅक्यूम. यातली नायट्रोजनची पायरी घाईत उडवली की तिसऱ्या वर्षी काजळी एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या झडपेत) सापडते.

खारा वारा दोन्ही यंत्रणांना सारखाच छळतो. समुद्राकडे तोंड केलेल्या बाह्य युनिटचे ॲल्युमिनियम फिन तांब्याच्या नळीला चिकटून असल्याने मिठात झपाट्याने कुजतात. इपॉक्सी कोटिंगचे कॉइल घ्यावे आणि महिन्याला गोड्या पाण्याने धुवावे. चिऱ्यात साधा अँकर बोल्ट धरत नाही, फिरत राहतो. भिंतीतून आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने प्लेट लावावी. नळीसाठी पाडलेल्या भोकाला उतार बाहेरच्या बाजूला हवा, नाहीतर नैर्ऋत्येचा पाऊस थेट खोलीत. थंड पाण्याच्या पाइपवर १९ मिलिमीटर नायट्राइल रबराचे इन्सुलेशन गोव्याच्या बंद पॅसेजमध्ये घामेजते, २५ ते ३२ लागते.

गॅसचा इतिहास त्यामानाने सरळ आहे. भारत १९९२ मध्ये ओझोन थर वाचवण्याच्या मॉन्ट्रियल कराराचा भाग झाला, २०१० पर्यंत सीएफसी हे सर्वांत जुने गॅस गेले, २०१३ मध्ये एचसीएफसी (आर-२२ याच गटातला) गोठवले, आणि २०१५, २०२०, २०२५ या टप्प्यांवर अनुक्रमे १०, ३५ आणि ६७.५ टक्के कपात झाली. २०३० नंतर दुरुस्तीपुरता किरकोळ साठाच उरेल. चालू आर-२२ यंत्रात आर-४१०ए भरता येत नाही, त्याचा दाब दीडपटीहून जास्त असतो. आर-४०७सी हा पर्यायी गॅस चालतो, पण जुना गॅस वजन करून पूर्ण काढून, मिनरल तेल पाच टक्क्यांखाली येईपर्यंत दोन-तीनदा कॉम्प्रेसरचे तेल बदलून पीओई हे कृत्रिम तेल घालून, ड्रायर आणि ओ-रिंग नवे घालून, आणि सिलिंडरमधून द्रवरूपातच भरून. जुन्या गॅसवरच वरून टॉप-अप मारणे ही सर्रास होणारी चूक आहे. दाबाचे कोष्टकच मग निरुपयोगी ठरते आणि तो मिश्र गॅस पुन्हा वापरताही येत नाही.

गरम पाण्याकडे या सगळ्यात फारसे लक्ष गेले नाही. डिझेलच्या हॉट वॉटर जनरेटरच्या जागी हीट पंप बसवणे गोव्याच्या हवेत सहज परवडते. एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता मिळते. साठवण टाकी मात्र ६० अंशांवर ठेवावी लागते, तापमान बरेच खाली गेल्यास लिजिओनेला हा न्यूमोनियाचा जिवाणू वाढतो.

मॉन्ट्रियल कराराच्या २०१६च्या किगाली दुरुस्तीनुसार भारतात एचएफसीचा (आर-४१०ए ज्यात मोडतो त्या गॅसांचा) वापर २०२८ मध्ये गोठेल आणि २०३२ मध्ये कपात सुरू होईल. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी चिलर मोडून बसवलेली आर-४१०ए यंत्रणाही आता बदलाच्या रांगेत येईल. या वेळी नव्या आराखड्यात ताज्या हवेचे स्वतंत्र युनिट आधी धरावे : बाहेरची हवा १२-१३ अंश दवबिंदूपर्यंत कोरडी करून खोलीत, एक्झॉस्टपेक्षा थोडी जास्त, आणि की-कार्ड काढल्यावरही चालू. खोलीतला एसी त्यानंतर लहान घेता येतो.